सांगली-मिरज परिसरात दीड हजार पाहुण्यांच्या स्वागत समारंभासाठी परवडणारी जागा कोठे आणि कशी शोधावी?

कृष्णाकाठ_सांगली

सर्वांना सविनय नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाचा विवाह मे २०२६ च्या दुसऱ्या आठवड्यात कराड येथे वधूपक्षाकडे होणार आहे. विवाह मोजक्या नातेवाइकांच्या उपस्थितीत करण्याचे दोन्ही घरांनी ठरवले असून स्वागत समारंभ मात्र आमच्याकडे, सांगलीत करावयाचा आहे. वडिलांची सारी हयात मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून गेली. त्यामुळे व्यापारी, हमाल, तोलाईदार, गाडीवान आणि तासगाव व मिरज तालुक्यांतील कितीतरी गावांचे शेतकरी त्यांना घरच्यासारखे आहेत. यादी दीड हजारांवर गेली आहे. तिच्यातील नावे कमी करावीत असा सल्ला अनेकांनी दिला, पण ज्या माणसांनी आमच्या अडीअडचणीत धावून येण्यास कधी मागेपुढे पाहिले नाही, त्यांना या आनंदातून वगळणे वडिलांना मान्य नाही आणि मलाही ते योग्य वाटत नाही. तेव्हा आकडा हाच धरून सल्ला द्यावा, ही विनंती.

जेवणाचा खर्च सोडून जागा, मांडव, वीज आणि किरकोळ बाबी यांसाठी आम्ही जास्तीत जास्त दोन लाख रुपये खर्च करू शकतो. सांगली-मिरज रस्त्यावरील व विश्रामबाग भागातील काही लॉन पाहिली. तेथे जागा भरपूर आहे, परंतु भाड्यासोबत केटरर त्यांचाच घ्यावा लागतो आणि किमान हजार ताटांचे पैसे द्यावेच लागतात. गावभागातील जुन्या मंगल कार्यालयांचे भाडे आवाक्यात आहे, पण तेथील भोजनगृहात एका वेळी दोनशे-अडीचशे माणसांपेक्षा अधिक बसू शकत नाहीत. शिवाय आम्हाला हव्या असलेल्या बहुतेक तारखा आधीच गेलेल्या आहेत. लॉन घ्यावे, बंदिस्त कार्यालय घ्यावे की एखाद्या शाळेच्या मैदानावर मांडव घालावा? भाड्याशिवाय कोणते खर्च मागाहून निघतात, हेही कृपया सांगावे.

मिरज_पूर्व

नमस्कार. आपण तारीख मनाशी पक्की धरून जागा शोधत आहात. मी याच्या उलट करण्यास सुचवीन. विवाहाला मुहूर्त लागतो, स्वागत समारंभाला लागत नाही. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ महिना येत असून त्या काळात विवाहाचे मुहूर्त धरत नाहीत. परिणामी अक्षय्य तृतीयेपासून १६ मेपर्यंतच्या तिथी दाट झाल्या आहेत, आणि त्या चार आठवड्यांत कोणताही कार्यालयचालक भाड्यात सवलत देण्याची शक्यता फार कमी आहे. अधिक महिना लागला की तीच कार्यालये बहुतांश रिकामी राहतात. मधल्या वारी, म्हणजे मंगळवार-बुधवारी, विचारणा केली तर भाड्याबाबतच नव्हे, केटररच्या अटीबाबतही बोलणी करता येतात.

अधिक महिन्यात समारंभ करण्यास घरातील वडीलधाऱ्यांची हरकत असू शकते, याची मला जाणीव आहे. तथापि स्वागत समारंभ हा संस्कार नसून स्नेहभोजन आहे. हाच धोंड्याचा महिना, ज्यात जावयाला घरी बोलावून अनारशांचे वाण देण्याची आपल्याकडे रीत आहे. नवदांपत्याचा पहिला धोंडा त्याच महिन्यात येणार असल्याने कराडचे पाहुणे एकाच फेरीत दोन्ही गोष्टी साधू शकतील. तरीही मन धजावत नसेल, तर १६ मेपूर्वीचा बिनमुहूर्ताचा एखादा मधला वार शोधावा. असे दिवस पंचांगात असतात आणि चौकशी करणारे थोडे असतात.

लॉनविषयी एक इशारा. मे महिन्यात आपल्याकडे दिवसभर उकाडा होऊन सायंकाळी वळीव येतो, तो नेमका पाहुण्यांच्या येण्याच्या वेळी. लॉन घेणारच असाल, तर किमान भोजनाची जागा पक्क्या छताखाली आहे का, आणि वाहनतळावर मुरूम टाकलेला आहे का, एवढे अवश्य पाहावे. आपली काळी माती अर्ध्या तासाच्या पावसाने अशी होते की दुचाकीसुद्धा बाहेर काढता येत नाही.

अन्नपूर्णा_मिरज

दादा, मी गेली अनेक वर्षे केटरिंगचा व्यवसाय करते, म्हणून जेवणाच्या बाजूने लिहिते. कारण मोठ्या समारंभाची जागा स्टेजवरून नव्हे, भोजनगृहावरून निवडावी, असे माझे ठाम मत आहे.

अडीचशे पानांची एक पंगत बसणे, वाढणे, उठणे आणि पुन्हा टेबले स्वच्छ करणे यांना चांगले वाढपी असूनही चाळीस मिनिटे लागतात. सायंकाळी सात ते दहा या तीन तासांत चार पंगती होतील, ओढूनताणून पाचवी होईल. म्हणजे हजार-अकराशे माणसे जेवतील आणि उरलेले चारशे ताटकळत उभे राहतील. बुफे केला तर गती वाढते. पण आपल्या यादीतील वयस्कर शेतकरी मंडळींना हातात ताट धरून उभ्याने जेवणे रुचत नाही, आणि त्यांतील पुष्कळ जण संकोचाने अर्धपोटी निघून जातात. हे मी वारंवार पाहिले आहे आणि मला त्याचे वाईट वाटते.

याला उपाय आहे, आणि तो मोठे कार्यालय घेण्याचा नाही. बहुतेक मंगल कार्यालयांचा ताबा पूर्ण दिवसासाठी मिळतो. ज्या भाड्यात आपण फक्त सायंकाळ वापरणार, त्याच भाड्यात दुपारही वापरता येते. दुपारी साडेअकरा ते अडीच आणि सायंकाळी साडेसहा ते साडेनऊ अशा दोन वेळा ठेवल्या, तर प्रत्येक वेळी साधारण साडेसातशे माणसे येतील आणि अडीचशे पानांचे जे भोजनगृह आपण अपुरे म्हणून सोडून दिले, तेच पुरेल. प्रत्येक वेळी तीन पंगती होतील, त्याही निवांत. बाहेरगावच्या मंडळींना दुपारची वेळच सोयीची असते, कारण त्यांना दिवेलागणीच्या आत एसटीने घरी पोहोचायचे असते. आचारी तेच, भट्ट्या त्याच, भांडी तीच. वाढप्यांची मजुरी आणि नाश्ता-चहाचा खर्च मात्र थोडा वाढेल. अट एवढीच, की भोजनगृहावर नुसता पत्रा नसावा. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली पाहुण्यांना बसवणे म्हणजे त्यांना शिक्षाच आहे. स्लॅबचे छत असलेले किंवा पत्र्याखाली उष्णतारोधक थर दिलेलेच कार्यालय घ्या, आणि पाहायला दुपारी दोन वाजता जा, सकाळी नको.

पदार्थ साधे ठेवा. पुरी, बटाट्याची भाजी, वांग्याचा रस्सा, मसालेभात, वरण-भात, कोशिंबीर, मठ्ठा आणि जिलेबी किंवा बुंदीचा लाडू एवढे पुरे. बासुंदी आणि श्रीखंड मे महिन्यात टाळावेत; दीड हजार माणसांसाठी दुधाचा पदार्थ दिवसभर थंड ठेवणे खर्चाचे आहे आणि जोखमीचेही. शिधा दीड हजारांचा आणावा, पण सुरुवातीला स्वयंपाक बाराशेंचा करावा. भात आणि पुऱ्या ऐन वेळी वाढवता येतात. पिण्याचे पाणी माणशी एक लिटर धरले तरी वीस लिटरचे पंचाहत्तर जार लागतील, आणि हात धुण्यासाठी व भांड्यांसाठी टँकर सांगावा लागेल. कार्यालयाची विहीर किंवा बोअर मे महिन्यात चालू असते का, हे चालकाला नव्हे, शेजारच्या दुकानदाराला विचारा.

आपण विचारलेले मागाहूनचे खर्च असे: जनरेटरचे डिझेल तासावर, विजेचे बिल मीटरच्या आकड्यावर, साफसफाई, भांड्यांचे भाडे व मोडतोड, गॅस सिलिंडर, आणि बाहेरचा केटरर आणल्यास त्यावर लावली जाणारी रॉयल्टी. भाड्याच्या पावतीवरच यांतील काय समाविष्ट आहे आणि काय नाही, हे लिहून घ्यावे. ताबा किती वाजता मिळणार आणि किती वाजता सोडायचा, हेही त्यातच यावे. आदल्या रात्री भाजी चिरायला ताबा मिळाला नाही, तर दुपारची वेळ गाठता येत नाही.

सेवानिवृत्त_शिक्षक_तासगाव

शाळेच्या मैदानाबद्दल आपण विचारले आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. मे महिन्यात शाळांना सुटी असते आणि संस्थेची लेखी परवानगी घेतल्यास मैदान कमी भाड्यात मिळू शकते. परंतु मैदान स्वस्त असते म्हणून समारंभ स्वस्त होत नाही. दीड हजार माणसांचा मांडव, खुर्च्या, टेबले, महावितरणची तात्पुरती वीजजोडणी, टँकर, फिरती स्वच्छतागृहे आणि रात्रीची राखण यांचा हिशेब मांडला, तर आकडा बहुधा आपल्या दोन लाखांच्या पुढे जातो आणि वळवाची टांगती तलवार राहते ती वेगळीच. गावात सारे शेजारी हातभार लावत असतील तर गोष्ट निराळी. शहरात ते होत नाही.

ध्वनिक्षेपकाबाबतही ध्यानात असू द्यावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहांना आतल्या आत वापरण्यापुरती त्यातून सूट आहे. लॉन आणि मैदान दोन्ही उघड्यावरच धरले जातात.

माझी सूचना अशी, की खासगी कार्यालयांखेरीज सहकारी संस्थांची सभागृहे, समाजांची भवने आणि देवस्थानांची मंगल कार्यालये यांकडे आधी चौकशी करावी. यांपैकी बरीचशी ज्ञातीबाहेरच्यांनाही दिली जातात. करात फरक पडतो तो निराळाच: सभागृहाच्या भाड्यावर, चालक नोंदणीकृत असल्यास, १८ टक्के जीएसटी लागतो, मात्र प्राप्तिकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय न्यासाच्या मालकीच्या सार्वजनिक देवस्थानाच्या आवारातील सभागृहाचे भाडे दिवसाला दहा हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर त्यावर हा कर नाही. भाडे विचारताना ते करासहित आहे की कर वगळून, हे प्रत्येक ठिकाणी विचारावे. लाखाच्या भाड्यावर अठरा हजारांचा फरक म्हणजे आपल्या वाढप्यांची मजुरी आहे.

कृष्णाकाठ_सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री हे सारे वडिलांना वाचून दाखवले. अधिक महिन्याला त्यांनी नकार दिला; आईचा जीव त्यात अडकेल, असे ते म्हणाले, आणि तिला न रुचणारी गोष्ट मला करावयाची नाही. मात्र १६ मेपूर्वीचा मधला वार आणि दोन वेळचे जेवण या दोन्ही सूचना त्यांना पटल्या. गावभागातील एका देवस्थानाच्या कार्यालयात अशी एक तारीख मोकळी असल्याचे आजच समजले. छत स्लॅबचे आहे, भोजनगृह दोनशे चाळीस पानांचे आहे आणि बाहेरचा केटरर चालतो.

एकाच गोष्टीची मला खंत वाटते. दुपारी हमाल आणि शेतकरी, सायंकाळी व्यापारी आणि नोकरदार, अशी विभागणी आपोआप होईल. कोणाला असे वाटू नये की त्यांना मुख्य समारंभातून बाजूला काढले. ताई, आपल्या अनुभवात हे कसे सांभाळतात?

अन्नपूर्णा_मिरज

दादा, हा प्रश्न आपल्याला पडला, यातच निम्मे काम झाले. विभागणी माणसाच्या कामावरून करू नका, अंतरावरून करा. गावची मंडळी दुपारी, सांगली-मिरजेची सायंकाळी. मग यार्डातले हमाल आणि त्यांचे मालक एकाच पंगतीला येतील, कारण दोघेही शहरात राहतात. दोन्ही वेळा पदार्थ तेच ठेवा. सायंकाळी एखादे आइस्क्रीम वाढवण्याचा मोह होईल, तो टाळा. नवरा-नवरी दोन्ही वेळा तेवढ्याच वेळ स्टेजवर बसतील आणि वडील दोन्ही वेळा दारात उभे राहतील, असे पाहा. त्यांना मध्ये विश्रांतीसाठी वधू-वरांच्या खोल्यांपैकी एक खोली सायंकाळपर्यंत राखून ठेवा.

पत्रिका एकच छापा, तिच्यावर दोन्ही वेळा लिहा आणि गावोगावी पत्रिका देताना तोंडी सांगा की आपल्यासाठी दुपारची वेळ धरली आहे. समारंभाच्या आठ दिवस आधी प्रत्येक गावातल्या एका जबाबदार माणसाला फोन करून किती जण येणार ते विचारून घ्या, आणि तो आकडा आचाऱ्याला द्या. आणि समारंभाच्या आदल्या सायंकाळी सहाला ताबा मिळेल, हे देवस्थानाला अनामत देण्यापूर्वी पावतीवर लिहून घ्यायला विसरू नका.