चर्चा: सगळं कोसळल्यानंतरच्या प्रेम-थरारकथेत बंदूक हवी की टंचाई पुरे?

रानवाट:
वीज, मोबाइल, सरकार सगळं बसल्यानंतरची प्रेम-थरारकथा लिहायची म्हटली की हात आधी बंदुकीकडे जातो. टोळी आली, पळा! माझं ठाम मत आहे की टंचाई पुरते. समजा, कोकणातलं गाव, जुलै महिना, वीज जाऊन तीन आठवडे झालेत. नायिकेच्या धाकट्या भावाला टाइप १ मधुमेह. फ्रीजबाहेर, ३० अंशांच्या आत, इन्सुलिन साधारण चार आठवडे टिकतं. ते पूर्ण थांबलं तर पोराकडे मोजके दिवस. परगावचा एक तरुण इन्सुलिनची कुपी आणून देतो, कुठून ते सांगत नाही. एवढ्यावर कादंबरी उभी राहते.

शब्दवेडी:
नाही पटलं. औषधाची मुदत संपते याचं दुःख होतं, पण थराराला काहीतरी लपवणारा माणूस लागतो. या प्रकारात ‘हा आपला आहे का?’ आणि ‘आपण वाचू का?’ हे प्रश्न जोडीने चालतात, आणि ते एकाच प्रसंगात सुटले तरच वाचकाचं समाधान होतं. तुमची कुपी फक्त दुसऱ्या प्रश्नापुरती आहे.

औषधपेटी:
शब्दवेडीताई, दोन्ही प्रश्न त्या कुपीतच आहेत. रेग्युलर इन्सुलिन पाण्यासारखं नितळ असतं, गढुळलं की फेकायचं. एनपीएच हा दुसरा, सावकाश काम करणारा प्रकार मुळातच दुधट. त्यात गुठळ्या दिसल्या किंवा काचेला आतून दहिवरासारखा थर धरला तर ते बाद. पण उष्णतेने मेलेलं इन्सुलिन पुष्कळदा दिसायला अगदी चांगलं असतं! आता बघा, डोस देऊनही भावाची तहान भागत नाही, सारखी लघवी, उलट्या, श्वास खोल आणि त्याला गोडसर, फळासारखा वास. साखर मोजायच्या पट्ट्या पावसाळी दमटाने बिघडलेल्या. कुपी उन्हाने मेली, की त्या तरुणाने आत पाणी भरलं? नायिकेला नुसतं बघून कळणार नाही. एकच खूण आहे. नव्या कुपीवर प्लॅस्टिकची टोपी असते, ती एकदा उडवली की पुन्हा बसत नाही. त्याने कुपी दिली तेव्हा टोपी होती का?

रानवाट:
टोपी घेतलीच! आणि तो म्हणू शकतो, ‘ओल्या वाळूतल्या मडक्यात गार ठेवली होती.’

औषधपेटी:
मग तो खोटं तरी बोलतोय किंवा अडाणी आहे. मडकं गार होतं ते पाणी उडून जातं म्हणून, आणि त्याला कोरडी हवा लागते. लातूरच्या एप्रिलमध्ये चालेल, कोकणच्या जुलैत हवा पाण्याने भरलेली असते. त्यापेक्षा घट्ट झाकणाच्या बरणीत घालून विहिरीत दोरीने सोडली असती तर ऊन लागलं नसतं. चार आठवड्यांची मुदत मात्र त्यानेही फारशी लांबत नाही.

शब्दवेडी:
हे मान्य, संशय आता माणसावर आला. पण शेवटाचं काय? प्रेमकथेच्या वाचकाला दोघं एकत्र आणि पोर जिवंत हवं असतं. कारखाने बंद, मग पुढचं इन्सुलिन कुठून? तिथे तुमची टंचाई कथेचा गळा घोटते. खलनायक निदान हरवता तरी येतो.

रानवाट:
शांघाय आठवा. डिसेंबर १९४१ नंतर जपानी ताब्यातल्या त्या शहरात इन्सुलिन मिळेनासं झालं. ईव्हा सॅक्सल स्वतः मधुमेही. तिने आणि तिचा नवरा व्हिक्टर याने एक वैद्यकीय ग्रंथ हाताशी धरून म्हशींच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिन काढलं, सशांवर तपासलं आणि मग ते ईव्हाने टोचून घेतलं. व्हिक्टर कापड उद्योगातला माणूस! स्वतः केलेलं औषध बायकोला टोचलं जाताना बघणाऱ्या नवऱ्याहून मोठा थरार कुठली टोळी देणार?

शब्दवेडी:
शांघायमध्ये प्रयोगशाळा मिळाली होती, गावात ती कोण देणार? कथा तालुक्याच्या गावी न्या, कॉलेजची प्रयोगशाळा आणि खाटीकखाना दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर ठेवा. आणि ती टोपी पहिल्याच प्रकरणात, कुपी तिच्या हातात पडते तेव्हा दाखवा. शंभर पानांनी आठवली तर वाचक पुस्तक मिटेल.