आयथ्रीमध्ये खिडकी फोडणे आणि साइज बदलणे, डोकं फिरलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सांगलीतनं लिहितोय. काकांचं मार्केट यार्डात हळदीचं आडत दुकान आहे, तिथला हिशोब मी बघतो. लॅपटॉप जुना, स्क्रीन १३६६ बाय ७६८, हळदीची धूळ जाऊन जाऊन टचपॅड मेलाय आणि माउस ठेवायला टेबलावर जागा नाही, सगळीकडं हळकुंडांचे नमुने. म्हणून मित्राच्या नादानं लिनक्सवर आयथ्री टाकलं, म्हणजे खिडक्या आपोआप शेजारी-खाली मांडणारा विंडो मॅनेजर, सगळं कीबोर्डवर.

मला पाहिजे एवढंच की डावीकडं हिशोबाची शीट, उजवीकडं वर टर्मिनल आणि त्याच्याखाली शेतकऱ्याच्या पट्टीची पीडीएफ. टर्मिनलवर मॉड (आयथ्रीचं मुख्य बटण, ऑल्ट नाहीतर विंडोजचं) अधिक व्ही दाबलं, काही झालं नाही, परत दाबलं, परत ढिम्म, म्हटलं बटणच गेलं की काय, आणि मग पीडीएफ उघडली तर गपचूप बरोबर खाली येऊन बसली! विम एडिटरमध्ये स्प्लिट म्हटलं की जागच्या जागी दोन तुकडे होतात ना. शिवाय तिथं हॉरिझॉन्टल म्हणजे खालीवर आणि इथं एच दाबलं की शेजारी शेजारी.

खरा वैताग पुढंच. पीडीएफ बंद करून ब्राउझर उघडला, तो मला उजव्या कडेला तिसरा कॉलम म्हणून हवा होता, तर तो परत टर्मिनलच्या खाली. एच दाबून उघडला तर टर्मिनलचीच जागा अर्धी करून घुसला, शीट आपली तशीच अर्ध्या स्क्रीनवर.

आणि मॉड आर दाबून साइज बदलायला गेलो की एका बाणाला खिडकी केवढी उडी मारते! परवा त्या साइज बदलायच्या (रिसाइज) मोडमधनं बाहेर यायचं विसरलो, शीटमध्ये पुढच्या सेलवर जायला उजवा बाण दाबला तर शीटच फुगली. मागनं काका, "हिशोब करतोयस का खेळतोयस रे?"

प्रतिसाद:
दादा, व्ही किंवा एच खिडकी फोडत नाहीत, पुढची खिडकी कुठं येणार ते फक्त ठरवतात. दाबल्यावर खिडकीच्या कडेला बारीक निळी रेघ बघा, खाली असली तर पुढची खाली, उजवीकडं असली तर शेजारी. व्हीमुळं टर्मिनलभोवती एक डबा तयार झाला, पीडीएफ गेली तरी डबा तिथंच राहतो, म्हणून ब्राउझर त्याच्या आत पडतोय. आधी मॉड अधिक ए दाबा, फोकस अख्ख्या डब्यावर जाईल, मग ब्राउझर उघडा, डब्याच्या शेजारी येईल.

उडी मारते कारण कॉन्फिगमध्ये, म्हणजे आयथ्रीच्या सेटिंगच्या फाइलीत, मुळातच १० पीपीटी आहे, म्हणजे एका दणक्यात १० टक्के. रिसाइज मोडच्या ओळींत ते २ करा आणि मॉड शिफ्ट सी दाबून रीलोड मारा. शीटला वर-खाली बाण लागू पडणार नाहीत, ती आधीच पूर्ण उंचीची आहे, उंची टर्मिनलवर जाऊन बदला. बाहेर यायला एंटर किंवा एस्केप, आणि मोड चालू असेपर्यंत खालच्या पट्टीवर लाल रंगात रिसाइज लिहिलेलं दिसतं.

मूळ लेखक:
ए दाबलं आणि जमलं राव! लय उपकार. लाल पट्टी मला कधी दिसलीच नव्हती, स्क्रीनच्या खालच्या कडेला काकांनी वजनाच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात.