अनुभव: परदेशातल्या मुक्या जिवांसाठी तुम्ही कधी काही केलंय?

नर्मदाकाकू
काल कूलर काढायला गच्चीवरच्या खोलीत गेले. मागची जाळी उघडली तर खसच्या ताटीत खारीचं घरटं! दोन पिल्लं, डोळेसुद्धा मिटलेले. खोकं सापडलं, पण आत मऊ काय घालायचं म्हणून कपाट उचकलं, तर हाताला सुती पिशवी लागली. बाजाराची नाही हो, कांगारूची.

जानेवारी २०२०. ऑस्ट्रेलियात जंगलं पेटली होती. सिडनीच्या नणंदेचा निरोप आला की आई गेलेल्या पिल्लांसाठी पिशव्या शिवून हव्यात. नियम कडक. आतला थर शुद्ध सुती, आणि शिवणीची कड आत येता कामा नये, पिल्लाची नखं दोऱ्यात अडकतात. दिवसातून कितीदा तरी आतली पिशवी बदलावी लागते, म्हणून ढिगाने हव्या. आमच्या भिशीतल्या सात जणी बसल्या. माझ्या एकटीच्या ४१ झाल्या. तोवर तिकडून कळलं, आता पुरे, जगभरातून खूप आल्यात. तरी नणंद एप्रिलमध्ये येईल तेव्हा नेईल म्हणून गाठोडं बांधून ठेवलं. मार्चमध्ये विमानंच बंद. मग त्याच मशीनवर मास्क शिवायला बसले, कापड संपलं तशा पिशव्या उसवल्या. पाच उरल्या.

एकाही कांगारूपर्यंत माझी पिशवी पोचली नाही. तुमचं काही पोचलं का? लिहा.

तर्रीबाज
काकू, कांगारूले नागपूरची पिशवी! इथे माह्या गल्लीत सतरा कुत्रे उपाशी हिंडून राहिले, त्याईचं काय?

फुटाळा_वॉकर
@तर्रीबाज त्या सतरांपैकी नऊ आमच्या गल्लीत जेवतात. रात्री साडेनऊला काकूच भाकरी टाकतात, मी समोरच राहतो.

तर्रीबाज
मंग ठीक हाय. माफी काकू 🙏

मिहानवाली
माझं पोचतंय, दर वर्षी. नैरोबीचा शेल्ड्रिक ट्रस्ट अनाथ हत्तींची पिल्लं वाढवतो, १९७७ पासून. वर्षाला ५० डॉलर भरले की एक पिल्लू दत्तक. दर महिन्याला मेल येतो, कोण कोणाशी भांडलं, कोण चिखलातून निघायला तयार नव्हतं. तिथली माणसं रात्री पिल्लाशेजारीच झोपतात, दर तीन तासांनी दुधाची बाटली. हे वाचलं तेव्हा माझी मुलगी अडीच महिन्यांची होती. मीही दर तीन तासांनी उठून राहिली होती. रात्री दोन वाजता एका हाताने कार्ड नंबर टाकला 😄
सीएला पावती दिली तर म्हणाला, मॅडम, ही संस्था बाहेरची, ८० जीची करसवलत मिळणार नाही. नको देऊ.

बर्डीचा_बंड्या
हत्तीवरून आठवलं, आणि सांगायला लाज वाटते. हनिमूनला थायलंड. एका ठिकाणी 'हत्तींची सेवा करा' म्हणून चांगले पैसे घेतले, बादली दिली, हत्तीला आंघोळ घातली. बायको रडली, मी फोटो काढले. निघताना पाहतो तर पुढची गाडी आलेली, तोच हत्ती, पुन्हा बादल्या. दिवसातून किती वेळा आंघोळ करत असेल बिचारा? नंतर वाचलं की खऱ्या आश्रयस्थानात शक्यतो हात लावू देत नाहीत, लांबूनच बघायचं. फोटो अजून हॉलमध्ये आहे. बायको काढू देत नाही.

संत्रागल्ली
फोटो नको काढू रे, खाली लिही 'पाचवी आंघोळ'

बर्डीचा_बंड्या
😂😂 मार खाईन

देशपांडे_जुने
कंपनीने सहा महिने इस्तंबूलला धाडलं होतं. तिथे मांजर दुकानात गादीवर झोपलेली आणि गिऱ्हाईक उभं! रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला बिल्ला, म्हणजे नसबंदी आणि लस झालेली. २००४ च्या कायद्याने त्याला परत त्याच्याच जागेवर सोडायचे. मी महिन्याला खाण्याच्या एका पोत्याचे पैसे द्यायचो, खालचा किराणावाला रोज वाटायचा. एक पिवळा कुत्रा मला ट्रामपर्यंत सोडायला यायचा, रोज. २०२४ मध्ये कायदा बदलला, आता पालिकांनी उचलून निवाऱ्यात ठेवायचे. किराणावाल्याला मेसेज केलाय. अजून निळी टिक नाही.

मिहानवाली
काका 😔 उत्तर आलं की सांगा

तर्रीबाज
मले एक सांगा, कांगारूच्या पिल्लाले गायीचं दूध चालते का

फुटाळा_वॉकर
नाही. लॅक्टोज पचत नाही, वेगळी पावडर असते. आणि काकू, खारीच्या पिल्लांनाही दूध पाजू नका! खोकं सावलीत, घरट्याच्या जवळ, उंचावर ठेवा आणि लांब व्हा. आई उचलून नेते. संध्याकाळपर्यंत नाही आली तर सेमिनरी हिल्सच्या वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला फोन.

संत्रागल्ली
वडी कुणाकडे चांगली मिळते आता? सांबार स्वस्त झालाय म्हणे

देशपांडे_जुने
पुण्याचे लोक वाचत असतील तर, सांबार म्हणजे कोथिंबीर. गोंधळ नको.

नर्मदाकाकू
वॉकर, तू म्हणालास तसंच केलं. खोकं गच्चीच्या कठड्याजवळ, पिशवी आत. खार साडेचारला आली. आधी मला भरपूर शिव्या दिल्या. मग एक पिल्लू तोंडात धरून निंबावर. दुसऱ्याला वीस मिनिटांनी. शेवटी पुन्हा आली, मला वाटलं काही राहिलं, तर पिशवीचा कोपरा कुरतडून सूत घेऊन गेली.
हे विचारून राहिले, कूलर कधी लागणार. ४१ डिग्री झालंय म्हणे. ताट्या नवीन आणाव्या लागतील, जुन्या तिनेच उपसून नेल्यात. कुणाला इतवारीतलं चांगलं दुकान माहीत आहे का?