कामाची नोंद कुठे ठेवायची: व्हॉट्सॲप ग्रुप, शीट की भिंतीवरचा फळा?

सातपूर_प्लॅनिंग (धागाकर्ता)
नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या छोट्या कारखान्यांत शेड्यूल, ड्रॉइंग, मालाच्या चलनाचा फोटो, रजेचा अर्ज आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा हे सगळं एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. माझं स्पष्ट मत आहे की हे थांबायला हवं. ग्रुप बोलायला ठीक, पण काम लक्षात ठेवायला निरुपयोगी. काम कोणाकडे आहे, कधीपर्यंत करायचंय, झालं की नाही, यातलं तिथे काहीच कळत नाही. 'ओके सर' म्हणजे वाचलं, करतो की झालं?

एका ग्राहकाने ब्रॅकेटच्या भोकाचा व्यास ९ वरून ८.५ मिमी केला. नवी पीडीएफ ग्रुपवर आली आणि दुपारपर्यंत मेसेजखाली गाडली गेली. रात्रपाळीने जुन्या ड्रॉइंगवर लॉट काढला. मोठं पडलेलं भोक लहान करता येत नाही, अख्खा लॉट भंगारात गेला.

आता आम्ही एक गुगल शीट ठेवतो. एका ओळीत एक काम: काय, कोणाकडे, कधीपर्यंत, ड्रॉइंगच्या कुठल्या रिव्हिजनवर (सुधारित आवृत्तीवर). ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये फक्त चालू रिव्हिजन, जुन्या सगळ्या 'रद्द' फोल्डरमध्ये. कोणी तारीख पुढे ढकलली तर व्हर्जन हिस्टरीत दिसतं. पाच-सहा ॲप घेण्याच्या मी विरोधात आहे. नोंदीची जागा एकच हवी, आणि ती ग्रुप नसावी.

प्रेसशॉप_अंबड
असहमत. शॉप फ्लोअरवर शीट उघडणार कोण? हाताला तेल असतं, आणि आमच्याकडे प्रेस मशीनजवळ मोबाइल न्यायला बंदी आहे, ती योग्यच आहे. आमच्याकडे फळा आहे. पाळी बदलताना दोन्ही सुपरवायझर त्याच्यासमोर उभे राहून एकेक ओळ बोलतात.

आज ॲपवर जे कानबान बोर्ड (एकेका कामाचं कार्ड रकान्यांत लावायचे फळे) मिळतात, त्यांचं मूळ टोयोटाच्या कागदी कार्डांत आहे. कार्ड आलं नाही तर माल बनवायचा नाही, हा त्याचा गाभा. हातात किती काम घ्यायचं याला त्यानेच बांध बसायचा. ॲपमध्ये शंभर कार्डं टाकता येतात, म्हणून टाकली जातात.

तुमच्या ड्रॉइंगचं म्हणाल, तर खरी चूक मशीनवरची जुनी प्रिंट कोणी काढली नाही ही आहे. आमच्याकडे जुनी प्रत जमा केल्याशिवाय नवी शिक्क्याची प्रत मिळत नाही. याला इंटरनेट लागत नाही.

सातपूर_प्लॅनिंग
जुनी प्रत जमा करण्याचा मुद्दा सोळा आणे खरा. पण नवी प्रत कुठली हे तरी एका जागी ठरलेलं हवं ना? आणि फळा फ्लोअरपुरता चालतो. खरेदीवाला ऑफिसात बसतो, प्लेटिंगचा (धातूचा मुलामा देणारा) वेंडर सिन्नरला. त्यांना फळा दिसत नाही.

करसल्ला_कॉलेजरोड
आमच्या कार्यालयात वाद नाही, कॅलेंडरशिवाय चालतच नाही. ७ तारखेला टीडीएस, दर महिन्याचं रिटर्न असलेल्यांचं ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १५ ला पीएफ-ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी (महिन्याचा गोषवारा आणि कर). एकदा टाकलं की दर महिन्याला आपोआप येतं. फक्त मुदतीच्या दिवसाची आठवण लावू नका. पाच दिवस आधीची लावा, कारण खरा वेळ पक्षकाराकडून बिलं मिळवण्यात जातो.

पॅकहाऊस_पिंपळगाव
द्राक्षाच्या बाजूने सांगतो, कारण आमच्याकडे नोंद चुकली तर कंटेनर अडतो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाची (शेतमाल निर्यातीचं केंद्र सरकारी प्राधिकरण) ग्रेपनेट ही ऑनलाइन नोंदीची प्रणाली २००६ पासून आहे. पेटीवरून थेट बागेच्या प्लॉटपर्यंत माग काढता येतो. म्हणजे ऑक्टोबर छाटणीनंतरची प्रत्येक फवारणी लिहिलेली हवी: तारीख, औषध, मात्रा. शेवटची फवारणी आणि काढणी यांत त्या औषधाला ठरलेले दिवस गेले नसतील तर तो माल घेता येत नाही.

शेतकरी हे वहीत लिहितो आणि बहुतेक जण नीट लिहितात. पण वही बागेत आणि काढणीचा निर्णय पॅकहाऊसमध्ये. दहा-पंधरा प्लॉट एकाच आठवड्यात तयार झाले की फोनवर विचारून भागत नाही. शीटमध्ये फवारणीची तारीख टाकली की काढणीची सगळ्यात लवकरची तारीख आपोआप निघते, प्लॉट क्रमाने लावता येतात, मजुरांची टोळी कुठे पाठवायची हे आदल्या संध्याकाळी ठरतं. हे वहीत होणार नाही.

तरीही एक सांगतो. हंगामाच्या शेवटी आठवून भरलेली शीट ही वहीपेक्षा घातक. ती स्वच्छ दिसते म्हणून लोक तिच्यावर विश्वास ठेवतात. ज्याने फवारलं त्याने त्याच दिवशी लिहावं, मग ते कागदावर का असेना.

नोकरदार_इंदिरानगर
सगळे नोंदीबद्दल बोलताय, माणसाबद्दल कोणी नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. रात्री साडेदहाला टास्क नावावर पडतो आणि सकाळच्या मीटिंगला 'अजून सुरू नाही?' असं विचारतात. कोण ऑनलाइन आहे ते हिरव्या ठिपक्यावरून बघतात. महिन्याला किती टास्क बंद केले ते मोजतात, म्हणून लोक एका कामाचे चार तुकडे करतात आणि अवघड काम कोणी उचलत नाही. याला उत्पादकता म्हणायचं का? जीमेलमध्ये मेल ठरावीक वेळी जाईल अशी सोय २०१९ पासून आहे. रात्री सुचलेलं सकाळी नऊला पाठवायला साहेबांना काही खर्च नाही.

प्रेसशॉप_अंबड
ताई, हेच माझं भय आहे. आज ऑपरेटरला शीट भरायला सांगतील, उद्या त्याच शीटवरून त्याच्या चहाची मिनिटं मोजतील.

सातपूर_प्लॅनिंग
ताईंचं म्हणणं मी मनावर घेतलंय. आमच्या शीटमध्ये कामं आणि तारखा आहेत, माणसांची तुलना नाही, आणि मी ती येऊ देणार नाही. भरतो तोही सुपरवायझर, पाळी संपताना. पण दादा, सिन्नरच्या वेंडरला फळा कसा दाखवता, हे अजून सांगितलं नाहीत.

प्रेसशॉप_अंबड
संध्याकाळी सहाला फळ्याचा फोटो जातो.

सातपूर_प्लॅनिंग
फोटोत शोधता येत नाही. तीन महिन्यांनी ग्राहकाने विचारलं की अमुक लॉट कधी गेला, तर?

प्रेसशॉप_अंबड
डिस्पॅच रजिस्टर आहे. तारीख, चलन नंबर, गाडी नंबर, सही. आजवरच्या प्रत्येक ऑडिटला ते चाललंय. मात्र प्लेटिंगला गेलेला माल परत कधी येणार, ही तारीख आमच्याकडेही कुठेच लिहिलेली नसते. तेवढ्यासाठी तुमची शीट कशी केलीत, रकाने इथे टाका.