'सर्फ'ला मराठीत काय म्हणायचं : भूदास, कूळ की वेठबिगार?

धंतोलीकर : रशियाच्या इतिहासावरचं एक प्रकरण मराठीत करते आहे आणि चार दिवस एकाच शब्दापाशी अडले आहे, सर्फ, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेला शेतकरी. मी 'भूदास' लिहिलं. संपादकांनी खोडून 'कूळ' केलं. म्हणाले, भूदास कोणाच्या घरात बोलतात? बाबांचं मत 'वेठबिगार'. मला कूळ फार खटकतं. कूळ खंड देतं आणि जमीन कसतं; १९५८ च्या विदर्भाच्या कूळकायद्याने तर त्याला मालक व्हायची वाट मिळाली. सर्फला गाव सोडायला मालकाची परवानगी, लग्नालाही परवानगी. रशियात १८६१ पर्यंत हेच चाललं.

काटोलचा : ताई, आमचा 'सालदार' घ्या ना जी. आमच्या आबाजीकडे पाडव्याला साल ठरे. आबाजी बंगईवर, सालदार खांबापाशी उभा. इतकी ज्वारी, एक धोतरजोडी, एक वाहणजोड, आणि हातात उचल. गुळाचा खडा तोंडात पडला की साल पक्कं.

महालवाला : पण पाडव्याला तो दुसऱ्याच्या वाड्यावर जाऊ शकत होता. सर्फला ती मुभा कुठे होती?

धंतोलीकर : होती, हेच तर. रशियातला युरीचा दिवस, २६ नोव्हेंबर. १४९७ च्या कायद्याने त्याच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक, मालकाचं देणं चुकवून शेतकऱ्याला निघून जाता येई. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती वाट बंद होत गेली आणि १६४९ च्या कायद्याने कायमची मिटली. पाडवा हिरावून घेतलेला सालदार, असंच म्हणावंसं वाटतं.

काटोलचा : अन् उचल फिटली नाही तर कसला पाडवा जी? बाप तिथंच राही, पोरगा गुरांमागे लागे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

रामटेककर : 'भूदास' खोडणं मला अजिबात मान्य नाही. जमिनीला बांधलेला माणूस, तीन अक्षरांत सगळं आलं. बोलीत नाही म्हणून शब्द काढायचा, तर पाठ्यपुस्तकातली अर्धी मराठी काढावी लागेल.

महालवाला : सर, रशियात अठराव्या शतकात सर्फ जमिनीवेगळेही विकले जात. मग 'भू' कुठे राहिली? वेठबिगारच बरा. माणसाला चहूकडून वेढलं, म्हणून वेठ.

रामटेककर : वेढा 'वेष्ट'वरून. वेठ 'विष्टी'वरून, म्हणजे सक्तीचं फुकट काम; कौटिल्यापासून चालत आलेला शब्द. आपल्या नगरधनला राजधानी असलेल्या वाकाटकांच्या दानपत्रांतही तो आहे. दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात दान दिलेल्या गावाला सगळ्या विष्टीतून माफी आहे. इतिहाससंशोधक मिराशींनी वाचलेले हे लेख नागपूरकरांनी तरी पाहावेत. आणि वेठ हे काम आहे, माणसाचा दर्जा नव्हे. अधिकारी गावात आला की एक दिवस कोणालाही ओझं उचलायला लावत, तो माणूस काही जन्माचा बांधलेला नसे.

धंतोलीकर : शिवाय १९७६ च्या वेठबिगारी बंदीच्या कायद्यापासून वेठबिगार म्हटलं की कर्जापायी राबणारा माणूसच डोळ्यांसमोर येतो. विद्यार्थी तोच अर्थ घेतील.

इतवारी : वेठ संस्कृतातून, बिगार फारसीतून, अर्थ एकच. कागदपत्रासारखी जोडी. पण 'बिगारी' हा शब्द आज कोणाच्याही मनाला लागत नाही. माझ्या साइटवर बिगारी संध्याकाळी रोजी मोजून घेतो. फुकटची राबणूक सांगणारा शब्द मजुरीचा झाला.

महालवाला : तसं 'रेजा'चं. फारसीत रेजा म्हणजे बारीक तुकडा. तो बांधकामावरच्या बाईला कसा चिकटला असेल?

काटोलचा : माझी आई रेजा होती. घर फुटल्यावर आम्ही नागपूरला आलो, तेव्हापासून. ठेकेदाराच्या हजेरीवहीत मिस्त्रीचं नाव असे, बिगाऱ्यांची नावं असत. खाली ओळ असे : रेजा, ४. त्या चारांत ती एक.