एलियसवरून मेल जात नसेल तर सेंडर लॉगिन मॅप्स बघा
शिरोली एमआयडीसीतल्या तुमच्या फाउंड्रीत ‘सेल्स’ या एलियसवर (खऱ्या मेलबॉक्सकडे वळवलेल्या जादा पत्त्यावर) मेल येतो, पण त्याच नावाने पाठवला की ‘५५३, नॉट ओन्ड बाय युजर’ (हा पत्ता या लॉगिनचा नाही) अशी एरर येते. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये व्हर्च्युअल एलियस मॅप्स फक्त येणारा मेल वळवतात. कुठल्या लॉगिनने कुठल्या पत्त्यावरून पाठवायचं, ते सेंडर लॉगिन मॅप्सची फाइल ठरवते. त्या फाइलीत डावीकडे एलियसचा पूर्ण पत्ता, उजवीकडे खरं लॉगिन लिहा आणि पोस्टमॅप ही कमांड चालवा. दोघं-तिघं वापरत असतील तर स्वल्पविराम देऊन त्यांचीही लॉगिनं त्याच ओळीत घाला.

ऑफिसचं अख्खं नेटवर्क ‘मायनेटवर्क्स’मध्ये (पासवर्डशिवाय मेल पाठवू देण्याच्या यादीत) टाका, असंही कुणी सुचवतं; तसं मात्र करू नका हो! एका पीसीत व्हायरस शिरला की पासवर्डशिवाय स्पॅम सुटेल. बाहेरचा रिले (तुमचा मेल पुढे पाठवणारा सर्व्हर) वापरत असाल तर एलियस तिथेही मंजूर करून घ्या.