मदत हवी आहे: गुडघा बदलल्यावर बसून चालवायचं इलिप्टिकल, आईला किती करू द्यावं?

नमस्कार मंडळी,

माझी आई 67 वर्षांची, डोंबिवलीत आमच्याकडेच असते. उजवा गुडघा बदलून आज सात आठवडे झाले. जखम नीट सुकली आहे, वॉकर सुटला, हातात काठी आहे. बीपीसाठी मेटोप्रोलॉल आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड चालू आहे. घरी फिजिओ यायच्या, त्यांचं सहा आठवड्यांचं ठरलेलं संपलं.

भाऊ न्यू जर्सीला असतो. ऑपरेशनला आला तेव्हा बॅगेतून हे यंत्र घेऊन आला. खुर्चीत बसायचं, दोन पॅडलवर पाय ठेवायचे, पाय पुढेमागे लंबगोल फिरतात. मोटार आहे, रिमोट आहे, छोट्या पडद्यावर पावलांसारखे आकडे दिसतात. आई सध्या संध्याकाळच्या दोन मालिका संपेपर्यंत त्यावर असते, म्हणजे एक तास. "आज चार हजार झाले" असं शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगते.

अडचणी दोन. रात्री गुडघा सुजलेला आणि गरम लागतो, सकाळी उठताना आखडलेला असतो. दुसरं म्हणजे काल प्लॅस्टिकची खुर्ची लादीवर मागे सरकली. पडली नाही, पण माझ्या पोटात गोळा आला. यंत्र बंद करू का? डॉक्टरांची भेट अजून अकरा दिवसांवर आहे. भावाला विचारलं तर म्हणतो, "अगं, तिथे सगळे ऑफिसात टेबलाखाली ठेवून वापरतात."

चहाबाज:
वैद्यकीय ज्ञान शून्य, पण वायरमन आहे म्हणून आधी तेच. यंत्र अमेरिकेतलं आहे. अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. 100 ते 240 व्होल्ट असेल तर फक्त पिन बदलणारा तुकडा पुरतो. नुसतं 120 असेल तर आपल्या 230 वर लावू नका, ट्रान्सफॉर्मर लागेल. आणि वायर आईच्या येण्याजाण्याच्या वाटेत नको. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला वायरीएवढा शत्रू नाही.
खुर्ची लाकडी, जड, हातांची घ्या आणि पाठ भिंतीला टेकवा. यंत्राखाली रबरी चटई. ऑफिसातली चाकांची खुर्ची तर अजिबातच नको.

हाडांची भाषा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे तपासणी करता येत नाही, तेव्हा हे त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी धरू नका. अकरा दिवस थांबूही नका, उद्या फोन करून सूज सांगा.
आधी एवढं बघा: पोटरी एकाच बाजूची सुजली आहे का, दाबल्यावर दुखते का? जखमेतून पाणी, ताप, लाली वाढते आहे? यातलं काही असेल तर यंत्राचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवा. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका या ऑपरेशननंतर काही आठवडे राहतो. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळ.
हे काही नसेल, तर नुसती सूज घाबरण्यासारखी नाही, ती काही महिने कमीजास्त राहते. पण व्यायामानंतर वाढलेली सूज आणि दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरत नसेल, तर व्यायाम जास्त झाला. तुमच्याकडे नेमकं तेच दिसतंय. एक तास कुणी सांगितला?
आता मला एक सांगा. मोटार चालू असताना पाय कोण फिरवतं, आई की यंत्र? आणि आईला पलंगावर पाय लांब करून बसवा. गुडघ्याखाली तुमची मूठ जाते का बघा.

धागाकर्ती:
पोटरी ठीक आहे, ताप नाही. अ‍ॅडॉप्टर 100 ते 240 निघाला, आभार. पाय यंत्रच फिरवतं, आई मालिका बघते. मूठ पूर्ण जाते! फिजिओताई असताना दोन बोटंच जायची. आणि हो, ते टॉवेलचे व्यायाम आईने सोडलेत. म्हणते, "मशीन करतंय ना सगळं."

हाडांची भाषा:
मला तीच भीती होती. मूठ जाते म्हणजे गुडघा पूर्ण सरळ होत नाही. लोक गुडघा किती वाकतो याचेच आकडे विचारतात. सपाट चालायला साधारण 60 ते 70 अंश पुरतात, खुर्चीतून उठायला 90 च्या वर लागतात. पण पाय पूर्ण सरळ झाला नाही तर माणूस लंगडतच चालतो आणि मांडीचा पुढचा स्नायू दिवसभर ताणलेला राहून दमतो. बसून चालवायच्या इलिप्टिकलवर गुडघा कधीच पूर्ण सरळ होत नाही, व्हायलाही नको, नाहीतर तो लॉक होईल. म्हणजे तासभर फिरवूनही जे सगळ्यात गरजेचं आहे ते होतच नाही. यंत्र वाईट नाही. ते टॉवेलच्या जागी आलं, हे वाईट.
टॉवेल परत सुरू करा. टाचेखाली गुंडाळी ठेवायची, गुडघा अधांतरी, मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. आणि रात्री गुडघ्याखाली उशी देताय का? दिली तर बरं वाटतं, पण पाय वाकडाच राहतो. टाचेखाली द्या.
यंत्र: डॉक्टर हो म्हणाले तर पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, मोटार सगळ्यात हळू. चार-पाच दिवस सकाळची सूज वाढली नाही तर दोन-दोन मिनिटं वाढवा. खुर्ची अशी की कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहील. पॅडल सगळ्यात लांब असताना गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे, आणि जवळ असताना पुढे कळ यायला नको. कळ आली तर खुर्ची मागे घ्या. पुढे मोटार बंद करून स्वतःच्या जोरावर. स्नायूला काम तेव्हाच मिळतं.
नाडी मोजू नका. मेटोप्रोलॉलने ती मुळातच हळू राहते, घड्याळातला आकडा फसवतो. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढाच दम पुरे.

पेणचा पाटील:
बाबांना पक्षाघात झाल्यावर आम्हीही असंच यंत्र आणलं होतं. त्यांचा डावा पाय पॅडलवरून घसरायचा आणि मोटार फिरतच राहायची. एकदा घोटा पॅडलखाली आला, नशीब खरचटण्यावर निभावलं. तेव्हापासून पट्टा लावल्याशिवाय आणि शेजारी माणूस असल्याशिवाय सुरू नाही. रिमोट आईंच्या हातात द्या, मांडीवर नको, तो पडतो.
शुगर असेल तर तळवे रोज बघा. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही. अनवाणी किंवा स्लिपरवर नको, मागे बंद असलेले बूट हवेत.

हाडांची भाषा:
पट्टा पक्षाघातात ठीक. पण स्वतः उठू शकणाऱ्या माणसाने पट्टा सोडायचं विसरून उभं राहायचा प्रयत्न केला तर मोठा घात होतो. मोटार थांबली, पट्टे सुटले, पाय जमिनीवर आले, मग उठायचं. पॅडलवर उभं राहायचं तर कधीच नाही.
शुगरचं बरं आठवलं. ग्लिमेपिराइडने साखर खाली जाऊ शकते, आणि मेटोप्रोलॉल असताना थरथर, धडधड ही खूण दबते. घाम मात्र सुटतो. घाम फुटून गळल्यासारखं झालं तर थांबा, साखर मोजा. 70 च्या खाली असेल, किंवा मोजायला यंत्र हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून. उपाशीपोटी व्यायाम नको.

सात्विक:
हे सगळे परदेशी चोचले आहेत. रोज वज्रासन करा, गुडघा आपोआप मोकळा होतो. आमच्या आजी नव्वदीतही मांडी घालून जेवायच्या.

चहाबाज:
आजींना दंडवत. पण त्यांच्या गुडघ्यात धातू नव्हता हो.

धागाकर्ती (सोळा दिवसांनी):
उशीर झाला, माफ करा. फोनवर डॉक्टरांनी आठवडाभर यंत्र बंद, बर्फ आणि टॉवेल एवढंच सांगितलं. भेटीत गुडघा बघून म्हणाले, वाकणं छान, सरळ होणं मागे पडलंय, अजून वेळ गेलेली नाही. फिजिओताईंना आठवड्यातून दोनदा परत बोलावलं. आता गुडघ्याखाली तीन बोटं जातात.
यंत्र दिवसातून दोनदा, आठ मिनिटं, मोटार बंद. पहिल्या दिवशी आई तीन मिनिटांत थांबली आणि म्हणाली, "अगं, हे तर जड आहे!" चार हजारांचा हिशेब तेव्हा तिच्याही लक्षात आला. आकड्यांवर मी कागद चिकटवलाय. मालिका चालू असतानाच टॉवेल करते, जाहिराती लागल्या की विश्रांती.
लाकडी खुर्ची माळ्यावरून काढली. भावाला सगळं सांगितलं, जरा फुगला, मग चटईचे पैसे पाठवले.
एकच राहिलं. बाबा 72 वर्षांचे, ठणठणीत. पाय दुखत नाहीत, काही नाही. तरी आता रोज अर्धा तास तेच मोटार लावून बसतात आणि आईचा नंबर येत नाही. त्यांना त्याचा काही उपयोग आहे का?

हाडांची भाषा:
बसून राहण्यापेक्षा बरं, एवढंच. त्यांना खाली बागेत चालायला पाठवा. तोल सांभाळायचा सराव खुर्चीत बसून होत नाही आणि हाडांवर भारही येत नाही. त्यांच्या वयाला दोन्ही हवं. जाताना आईंनाही सोबत न्यायला सांगा, काठीसकट, पहिल्या बाकापर्यंत.